ओतलेला तांदूळ

परवा कोठीतून कुबट वास आला आणि वैनगंगेकाठचं सासर आठवलं. तेव्हा मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारी जमीनदारी, नुकतीच गेली होती. नदीत मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं आगीत जळाली, तेव्हा आम्ही बायकांनी दारोदार फिरून ओंजळ-ओंजळ तांदूळ जमवला. मालगुजारानं अळ्या पडलेलं, उंदरांच्या लेंड्यांनी भरलेलं तांदळाचं पोतं पाठवलं आणि आपलं दान मोठं दिसावं म्हणून आमचा चांगला तांदूळही त्यातच ओतायला लावला. एका बाळंतिणीनं मूठभर तांदूळ हुंगून विचारलं, “भाऊ, हे तुमच्या घरी खातेत काय?” वाटपाला उभा असलेला मालगुजार हसला, “घर जळलं तरी नखरे काऊन करून राह्यली?” ती पदर झटकून उपाशीच निघून गेली. त्याच्या दानशूरपणाचे गोडवे आजही कुणी गायले की मी तिथून उठते.