माणशी शंभर वॅट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकाल. सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्यात मी अर्धं सोलापूर घामानं भिजवलं. तरी ठणकावून सांगतो, माझं सूत्र बरोबर होतं. आजही आहे!

सातवीपासून मी लांबच्या वसतिगृहात, पुढं इमारतशास्त्र शिकायला जर्मनीत. परत आलो तो एकच ध्यास घेऊन: यंत्रांशिवाय थंड राहणारी सभागृहं बांधायची. आमच्या समाजाचं नवं सभागृह व्हायचंच होतं. समितीचे अध्यक्ष शिवप्पाकाका म्हणाले, "ताईच्या साखरपुड्यात जुन्या हॉलवर करून दाखव. जमलं तर काम तुला."

मग काय! बसलेला माणूस साधारण शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता देतो. तापलेली हवा वर जाते. वरच्या झडपा उघड्या ठेवा, खालच्या खिडक्यांतून गार हवा आपोआप आत! फक्त माणसं मोजायची. आईला विचारलं, "पत्रिका किती?"

"एकशे वीस."

मी उदार मनानं पत्रिकेमागं दोन माणसं धरली. दोनशे चाळीस! माघातली सकाळ, हवेत गारवा. मंडपवाल्या सलीमभाईंना सांगितलं, "कूलर नकोत."

"दादा, सोलापूर हाय हे. दोन तरी राहू द्या की."

"एकही नको!"

दहाला हॉल गार. मी काकांकडं विजयी नजरेनं पाहिलं. साडेदहाला एक जीप आली, तीतून चौदा माणसं उतरली. मागं टेम्पो. होटगीचे, करमाळ्याचे... अहो, आजोबा, पणतू, त्यांच्याकडं मुक्कामाला आलेले पाहुणेसुद्धा! सहाशेनंतर मी मोजणं सोडलं. जागा न मिळालेले खिडक्यांत बसले. म्हणजे गार हवेची वाटच बंद!

"आई, एवढी माणसं?"

"सगळ्यांना चूलबंद आमंत्रण आहे की! आज त्यांच्या घरी चूल पेटायची नाही. अख्खं घर आपल्याकडं जेवणार."

एकशे वीस चुली बंद, आणि सगळा जाळ आमच्या हॉलात! व्याही आमचीच पत्रिका पंख्यासारखी हलवत होते. ताईच्या गालांवरची पावडर ओघळली. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की ते वॅट मी हिशेबात धरलेच नव्हते.

शेजारच्या आत्याला मी समजावू लागलो, "माणूस म्हणजे शंभर वॅट..."

"मग मी किती रे?" अंगानं भरलेल्या आत्यानं पदरानं मान पुसली. "आणि तिकडं जाऊन तू कसले दिवे लावलेस, ते सांग आधी!"

शेवटी सलीमभाईंनी दारातल्या स्वतःच्या टेम्पोवरची ताडपत्री ओढली. खाली आठ कूलर! "ठाऊक होतं की," एवढंच म्हणाले.

पंगती उठल्यावर मी शिवप्पाकाकांपुढं उभा राहिलो. मान खाली? का म्हणून?

"सूत्र चुकलेलं नाही, काका. माणसं चुकली!"

"माणसं कशी चुकतील? माणसं जेवून गेली की." त्यांनी पानाला चुना लावला. "काम तुलाच. झडपा तुझ्या, खिडक्या तुझ्या, सूत्रबी तुझंच."

"आणि?"

"माणसं तुझी आई मोजंल."

नकाशा मंजूर झालाय. त्यावर दोन सह्या आहेत. वरची आईची.