चांदीच्या दिव्याविरुद्ध माझा लढा

धोंड्याच्या महिन्यात जावयाला चांदी द्यायची प्रथा मी आमच्या घरातून कायमची बंद केली आणि ती रविवारी दुपारी दीडपर्यंत बंद राहिली.

कारण साधं होतं. वाणाच्या दिव्याची चौकशी करायला मी जळगावच्या सराफ बाजारात गेलो, तर दुकानदारानं आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि मगच भाव सांगितला! मी तिथूनच बायकोला फोन लावला. "सुमन, यंदा अनारसे तेहतीस, दिवा तांब्याचा. चांदी बंद!"

सुमननं फोनच ठेवून दिला. (हे जास्त वाईट असतं.) घरी पोचलो तर शेजारच्या अक्का मात्र कंपाउंडवरून बोलल्याच, "नाना, बठ्ठा गाव चांदी देस, तुमीच काय नवं काढं?"

"सगळ्या गावानं द्यावी! माझं पेन्शन चांदीला पुरत नाही!"

मग धुळ्यातल्या देवपूरहून लेकीचा, वैशूचा फोन. "नाना, गल्लीतल्या बायका विचारतात, माहेरून काय आलं? मी काय सांगू?"

"सांग, वडिलांनी तत्त्व दिलं."

"ते ताटात ठेवून दाखवता येतं का?"

मला फार वाईट वाटलं. पण मागे हटलो तर मी कसला!

रविवारी लेक-जावई धुळ्याहून आले. पानात पुरणाचे धोंडे पडले, त्यावर तूप पडलं. पाठ केलेलं भाषण सुरू करायला मी घसा खाकरला, तेवढ्यात जावईच म्हणाले, "नाना, एक विनंती आहे. मला चांदी-बिंदी काही नको. वैशूलाही सांगितलंय, गल्लीनं विचारलं तर खुशाल माझं नाव सांग. हे सगळं बंदच व्हायला पाहिजे."

माझं भाषण वाया गेलं. खरं तर मी उठून त्यांना मिठी मारायला हवी होती. पण मी देणार नाही म्हणणं वेगळं आणि जावयानं नको म्हणणं वेगळं! या माणसाला काय वाटलं, आमची ऐपत नाही?

"नको म्हणजे? का नको?"

"खरंच नको, नाना."

"आमच्या घरून जावई रिकाम्या हातानं जात नाही, संदीपराव!"

"अहो, परवा तुम्हीच तर..." सुमन म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस!"

डोक्याला रुमाल बांधून मी मे महिन्याच्या उन्हात तरातरा निघालो. मागून उष्ट्या हातानं संदीपराव. सराफानं आम्हाला बघून या वेळी दोन खुर्च्या मांडल्या.

"दिवा दाखवा," मी म्हणालो.

"दाखवू नका," जावई म्हणाले.

"मोठा दाखवा!"

"नाना, मी घेणार नाही!"

"मग सोबत ताटलीही दाखवा!"

ते जितकं नको म्हणत होते, तितकं काउंटरवर सामान वाढत होतं. गिऱ्हाइकं खरेदी सोडून आमच्याकडे बघत होती. सराफ मात्र एकेक वस्तू पुसून पुढे सरकवत होता. वाटीपर्यंत मजल गेली तेव्हा संदीपरावांनी हात जोडले. "घेतो, नाना! सगळं घेतो! पण आता थांबा!"

मी छाती काढून घरी आलो. वैशूला हसावं की रडावं कळेना. अक्का कंपाउंडवरून म्हणाल्या, "आते कसं!"

अख्ख्या खानदेशात माझ्या मताचा एकच माणूस निघाला होता आणि त्यालाही मी भर बाजारात हरवून घरी आणलं!