केशवपंतांच्या दगडावरच्या मुंग्या

ऐका हो ऐका! कसबा पेठेतल्या लहानथोरांना, सुवासिनींना आणि देवळाबाहेर उन्हं खात बसणाऱ्या तमाम रिकामटेकड्यांना कळवण्यात येते की, राज्याच्या मसलतीइतकी नाजूक बाब आज उघड होणार आहे. कुणी शिंकू नये. बाब आहे एका सभ्य गृहस्थाच्या लघवीची.

हसलात? हसा. मीही हसतच सुरुवात केली होती.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. कुटुंबाला नाही, देवालाही नाही — आणि देव तर माझ्या अगदी हाताशी असतो, कारण रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून मी पुराण सांगतो. धंदाच माझा दुसऱ्यांची पापं सांगण्याचा. कुणी कपटानं भावाला वनात धाडलं, कुणी वर मागून माजलं — मी डोळे मोठे करतो, आवाज चढवतो आणि बायका पदर डोळ्यांना लावतात. स्वतःच्या पापाची वेळ आली की मात्र मला खोकला येतो.

तर — आम्ही दोघे साडू. मी थोरला जावई, केशवपंत धाकटे. ते सरकारी पागेत घोड्यांच्या दाणावैरणीवर कारकून. माणूस सरळ. इतका सरळ की त्याच्याबद्दल गोष्ट रचता येत नाही, आणि ज्याच्याबद्दल गोष्ट रचता येत नाही अशा माणसाची मला भीती वाटते. सासूबाईंचं घर आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. त्या घरी मला मान होता. पंगतीत पहिला पाट माझा, जिलब्यांचा पहिला आग्रह मला. मी आणखी चार उडवल्या की सासूबाई कौतुकानं म्हणत, "आमचे आबा म्हणजे घराचं घरपण!" एवढ्यासाठी मी पोट फुटेस्तोवर जेवत असे. खोटं कशाला सांगू?

मग एका वर्षी आम्हा दोघांनाही एकच रोग झाला. सारखी तहान, सारखं परसात पळणं, पायांत आग. वैद्यबुवांनी आम्हाला पहाटे बोलावलं, त्यांच्या परसात कण्हेरीमागे दोन सपाट दगड होते त्यांवर एकेकानं लघवी करून यायला सांगितलं आणि स्वतः ओसरीवर सुपारी कातरत बसले. उजाडल्यावर जाऊन पाहिलं. दोन्ही दगड मुंग्यांनी काळे!

"मधुमेह," बुवा म्हणाले. "हा पाहुणा आता जायचा नाही. याला अर्धपोटी ठेवून जन्मभर वागवायचं."

भात बंद. गूळ, साखर, केळं बंद. गव्हाची पोळी बंद, म्हणजे पुरणपोळीही ओघानं आलीच. एक लहानशी जवाची भाकरी, मूग, कारलं, मेथी, ताक, आणि रोज पर्वतीपर्यंत पायी. दर पंधरवड्याला पहाटे येऊन आपापल्या दगडावर साक्ष द्यायची. मुंग्या आल्या की पथ्य मोडलं असं समजायचं.

मी किती दिवस पाळलं? पाळलंच नाही हो. पुराणिकाच्या हातावर लोक काय ठेवतात — कारलं? पेढा ठेवतात, साखरफुटाणे ठेवतात. प्रसाद नाकारायचा कसा, असं मी बुवांना अगदी गहिवरून विचारत असे.

केशवपंतांनी मात्र पाळलं. पागेतले लोक चिडवायचे, "काय पंत, घोड्यांची चंदी स्वतःच खायला लागलात?" तेही हसून म्हणायचे, "घोडे माझ्यापेक्षा लांब पळतात, म्हणून." दोन महिन्यांत पोट आत गेलं. तहान गेली. चेहऱ्यावर तजेला आला. त्यांचा दगड कोरडा, स्वच्छ, आणि माझ्या दगडावर मुंग्यांची जत्रा! बुवा माझ्याकडे बघून नुसते सुपारी कातरायचे.

तरी मी सोसलं. खरंच सोसलं — अधिक महिन्यापर्यंत. दर तिसऱ्या वर्षी येणारा हा महिना म्हणजे जावयांचं राज्य. सासूनं जावयाला अनारसे द्यायचे, वर दिवा ठेवायचा, पाया पडायचं. माझं ताट अनारशांनी भरलेलं होतं. आणि केशवपंतांच्या ताटात काय? जवाची भाकरी. सासूबाईंनी स्वतः जातं ओढून दळलेले जव, स्वतः थापलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा. सगळी पंगत त्या भाकरीकडे बघत होती. "निग्रह असावा तर असा," सासरे म्हणाले. आणि सासूबाई — ज्यांच्यासाठी मी आयुष्यभर पोट ताणलं त्या सासूबाई — पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "माझी लेक मोठ्या नशिबाची."

कोणती लेक? त्यांना दोन लेकी होत्या ना? दुसरी माझ्याच घरात होती!

तुम्हाला कधी भाकरीचा हेवा वाटलाय? मला वाटला. समोर तुपानं निथळणारे अनारसे होते आणि मला ती काळपट, कोरडी जवाची भाकरी हवी होती. खायला नको होती — माझ्या पानात हवी होती.

आता ते सांगतो. पुढच्या पंधरवड्याला मी घरून निघताना तांब्यात पाण्याबरोबर गुळाचा खडा टाकला. पहाटे परसात जाणाऱ्या माणसाच्या हातात तांब्या असतोच. त्याच्याकडे कोण बघतो? केशवपंत कण्हेरीमागून परत आले, मी गेलो. जाता जाता त्यांच्या दगडावर तांब्या कलता केला. एवढंच. वाईट वाटलं नाही. उलट — काय सांगू — गंमत वाटली. कथेत नवं वळण सुचलं की वाटते तशी.

उजाडलं. बुवा गेले आणि बराच वेळ वाकून बघत राहिले. मग आले ते माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत. "पंत, तुम्हीसुद्धा?"

केशवपंतांचा चेहरा मी आजही हुबेहूब करून दाखवू शकतो. कधी दाखवला नाही. "नाही हो, बुवा. शपथ घेतो..." आणि बुवा म्हणाले, "मुंग्यांना शपथ कळत नाही."

त्या दिवशी मी घरी शीळ घालत आलो. मला त्यांच्या पुढे जायचं नव्हतं, बरं का. ते माझ्या रांगेत आले, एवढ्यावर मी खूश होतो.

मग थांबलो का? नाही. पुढच्या वेळी पुन्हा, त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा. केशवपंतांनी भाकरी अर्धी केली, मग तीही सोडून नुसत्या ताकावर राहिले. वाळले. तरी मुंग्या! सासूबाई त्यांच्याशी कमी बोलू लागल्या. मेहुणी नवऱ्याच्या पानाकडे संशयानं बघू लागली. एवढं झालं, पण दगडाबद्दल त्यांना एकदाही शंका आली नाही, माझ्याबद्दल तर नाहीच. शंका आली ती स्वतःबद्दल. आपण झोपेत उठून गूळ खात असू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. मेहुणीनं स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. ते कुलूप बघायला मी मुद्दाम गेलो होतो. पंतांनीच मला कौतुकानं दाखवलं, "चांगलं मजबूत आहे ना, आबा?" मी म्हणालो, "उत्तम आहे."

कुलपानंतरही मुंग्या आल्या, तेव्हा झोपेत आपण किल्लीही काढत असू असं म्हणून त्यांनी पथ्य सोडलं. एवढं करूनही काही होत नसेल तर करायचं कशाला? त्या दिवशी सासूबाईंकडे श्रीखंड होतं. वाढायला मी उठलो. "घ्या पंत, आणखी घ्या!" — माझा आग्रह पेठेत प्रसिद्ध आहे. त्यांनी वाटीभर खाल्लं आणि लहान मुलासारखे हसले. आता ते माझ्यासारखे झाले, या आनंदात मीही जेवलो.

पुढचं पटकन सांगतो, कारण इथे मला रंगवता येत नाही. नव्या जोड्यानं त्यांच्या पायाला फोड आला. फोडाची जखम झाली, ती भरेना. अंगठा काळा पडला. शस्त्र चालवणारा वैद्य तो कापायला आला, तेव्हा त्यांचे खांदे धरायला मीच होतो. माझ्या हाताखाली ते थरथरत होते आणि मला म्हणत होते, "आबा, तुम्ही जपा. तुम्ही पाळा."

मी पाळलं. पश्चात्तापानं? छे. भीतीनं. तो अंगठा बघून आल्यावर मी प्रसादाचा पेढा पहिल्यांदा परत केला. जव, मूग, कारलं, पर्वती. माझा दगड कोरडा पडला. तेव्हापासून आजतागायत पाळतोय आणि ठणठणीत आहे. केशवपंतांनीही पुढे पथ्य धरलं. त्यांच्याही दगडावर मुंग्या आल्या नाहीत — आता तिथे तांब्या घेऊन कोण जाणार? पण ते लंगडतात. पर्वती सुटली. पागेतलं काम सुटलं.

आणि पुन्हा अधिक महिना आला. सासूबाईंनी जातं ओढलं, भाकरी थापली, लोण्याचा गोळा ठेवला — माझ्या पानात. सगळी पंगत बघत होती. हवं होतं ते सगळं जसंच्या तसं मिळालं. मी पहिला घास मोडला. तेवढ्यात केशवपंत काठी टेकत पाटावरून अर्धवट उठले आणि भरल्या पंगतीत, मुलंबाळं, सासू-सासरे, वैद्यबुवा सगळ्यांसमोर ओरडून म्हणाले, "पोरांनो, आबांकडे बघा! मी झोपेत गूळ चोरला आणि पाय घालवला. या माणसानं जागेपणी गुळाला हात लावला नाही!"