नाल्यापलीकडची फेक

चकती शोधायला गवतात शिरलं की घरी येईपर्यंत सलवारला कुसळं चिकटलेली असतात. एक काढावं, तर खाली आणखी चार दिसतात. आमच्या ग्रुपचे किस्से तसेच आहेत. कोणी पाहुणा येतो, "हे काय नवीन खूळ काढलं तुम्ही?" असं विचारतो, मी एक सांगायला बसते आणि त्याचा चहा थंड होतो.

खूळ म्हणजे डिस्क गोल्फ. गोल्फसारखाच खेळ. बॉल आणि काठीऐवजी नाश्त्याच्या बशीएवढी प्लास्टिकची जड चकती, आणि खड्ड्याऐवजी खांबावर बसवलेली टोपली. कमीत कमी फेकींत चकती टोपलीत घालायची. पण त्यासाठी ती आधी लांब जायला हवी ना! ती लांब कशी जाईल, या एका प्रश्नावर आमची सकाळ सुरू होते आणि ऊन चढेपर्यंत संपत नाही.

आम्ही चौघं. धरमपेठेतली नंदिनी, जिनं हा खेळ आणला. हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर असलेले पराते. भूगोल शिकवून रिटायर झालेले शिर्के सर. आणि प्रताप नगरातली मी, एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करणारी, पन्नाशी ओलांडलेली. मैदान म्हणजे हिंगणा रोडच्या आतलं एक ले-आउट. प्लॉट पाडून ठेवलेत, घर कोणी बांधलेलं नाही. बाभळी, गवत आणि मधून जाणारा एक नाला.

* * *

मी तिथे नुसती फिरायला जायची. एका सकाळी एक मुलगी एकटीच काहीतरी फेकताना दिसली. चकती तिच्या हातातून सुटली, सरळ गेली, मग जणू तिला आठवलं की अजून थोडं जायचंय, तशी हवेतच रेंगाळली आणि डावीकडे वळून गवतावर अलगद टेकली. माझे पाय थांबले. इतकं सुंदर जाणारं काही मी जवळून पाहिलं नव्हतं.

नंदिनी ती. कॅनडात नोकरीला होती. आईचं आजारपण निघालं म्हणून सगळं सोडून आली होती, आणि येताना सामानात चकत्यांची बॅग आणली होती. तिनं विचारलं, फेकून बघता का. मी म्हटलं, जन्मात काही फेकलेलं नाही. आमच्या घरी फेकणं भावांकडे होतं. आम्ही बहिणी बॉल शोधून आणून द्यायचो.

तरी तिनं चकती हातात दिली. मी पूर्ण ताकद लावली. चकती समोर जमिनीवर आपटली, उभी राहिली, घरंगळत अर्धा गोल फिरली आणि माझ्याच मागे जाऊन पडली. मला वाटलं, आता ही हसणार. ती हसली नाही. नीट विचार करून म्हणाली, "दिशा सोडली काकू, तर चांगली होती."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आधी मैदानावर हजर.

* * *

नंदिनीचा नियम एकच. जोर हातात नसतो. आधी पुढचा पाय घट्ट रोवायचा, मग कंबर वळते, कंबरेमागून खांदा येतो, आणि हात सगळ्यात शेवटी. चकती छातीजवळून ओढत आणायची, बोटं सैल ठेवायची आणि सुटण्याच्या क्षणाला तेवढी आवळायची. मनगट आपोआप झटका देतं.

आम्हाला सगळ्यांना समजलं. जमलं कोणालाच नाही. मी हातानंच फेकत राहिले आणि कोपर दुखवून घेतलं.

मग एका रविवारी मी गच्चीवर ओली चादर वाळत घालत होते. दोन टोकं धरली, झटकली, आणि असा फट्टकन आवाज झाला की मी तिथेच थबकले. हात तर सैल होता. जोर कंबरेतून आला होता, आणि शेवटी मनगटानं फक्त टोक मारलं होतं. मी तीच चादर पुन्हा झटकली. पुन्हा तोच आवाज. खालून आमच्या ह्यांनी विचारलं, काय फाटलं म्हणून.

सोमवारी माझी चकती पहिल्यांदा बाभळीच्या पुढे गेली. नंदिनीनं टाळ्या वाजवल्या. मला मात्र आनंदाच्या जोडीला भलतंच काही आठवलं. माझ्या आईनं जन्मभर चादरी झटकल्या. गल्लीच्या टोकापर्यंत आवाज यायचा. तिच्या हातात कोणी चकती दिली असती, तर ती कुठवर गेली असती?

* * *

परात्यांच्या घरचे पूर्वी उमरेडला हातमागावर धोतरं विणायचे. माग केव्हाच बंद झाला. पराते तिशीपासून हिंगण्यात शिफ्ट करतात. आमच्या टोपल्या त्यांनीच केल्या, सायकलच्या रिमा आणि भंगारातल्या साखळ्या जोडून. रात्रपाळी संपली की मोटरसायकल घराकडे न वळवता सरळ मैदानावर आणायचे आणि डोळे तांबडे असताना फेकायचे. मी एकदा म्हटलं, घरी जाऊन झोपा आधी. तर म्हणाले, रात्रभर मशीनजवळ उभं राहून जे जे वाटतं ते घरी नेता येत नाही ताई, ते इथं टाकून जातो.

त्यांची अडचण कंबरेची होती. हात आणि कंबर एकदमच वळायचे. नंदिनीनं सांगितलं, कंबर आधी उघडली पाहिजे, दाराच्या फळीसारखी. परात्यांनी ते मनावर घेतलं. शिफ्टच्या भोंग्याची वाट पाहताना, कँटीनच्या लाइनीत, मशीन थंड होईपर्यंत, जिथे वेळ मिळेल तिथे पाय रोवायचा आणि कंबर फिरवायची. सोबतच्यांना आधी वाटलं गरब्याची तयारी चाललीय. मग वाटलं, लचक भरली. शेवटी सुपरवायझरनं त्यांना धरून कंपनीच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरनं दाबून पाहिलं, वाकवून पाहिलं, विचारलं कुठे दुखतं.

पराते म्हणाले, "दुखून नाही राहिली साहेब. उघडून नाही राहिली."

डॉक्टरनं आराम करायला सांगितलं. पराते तो आराम करायला मैदानावर आले.

* * *

शिर्के सर कॉलेजात असताना भाला फेकायचे. विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली होती. त्याच महिन्यात वडील गेले, आणि घरातला मोठा म्हणून सरांना मिळेल त्या शाळेत नोकरी धरावी लागली. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही, दुसऱ्याच कोणाकडून कळलं. पण त्यांची फेक पाहिली की कळायचंच. पळत यायचे, दात आवळायचे, सगळं अंग मागे खेचायचे आणि असे फेकायचे की पाहणाऱ्याचा खांदा दुखावा. चकती थरथरत वर चढायची आणि उजवीकडे कोसळायची.

त्यांना नाला पार करायचा होता. पलीकडच्या उंचवट्यावर आमची शेवटची टोपली होती. आम्ही बाकीचे काठापर्यंत एक फेक टाकायचो, मग उतरून पलीकडे जायचो. नंदिनी एका फेकीत टाकायची. सरांनाही एकाच फेकीत टाकायची होती. रोज त्यांची चकती नाल्यात पडायची, रोज ते पँट वर दुमडून ती काढून आणायचे.

एका सकाळी त्यांच्या फेकी सलग नाल्यातच जात होत्या. सरांच्या कपाळाची शीर फुगली होती. नंदिनी जवळ गेली, त्यांच्या हातातली चकती काढून घेतली आणि हळूच म्हणाली, "सर, तुम्ही राग फेकून राहिले. चकती फेका ना."

आम्हाला वाटलं, आता सर चिडणार. ते बाभळीखाली जाऊन बसले. उठताना मला म्हणाले, "हिला कसं कळलं हो?"

* * *

नंदिनीला परत जायचंय का, हे आम्ही कोणी विचारत नव्हतो. आई दिवसेंदिवस खालावत होती, त्यामुळे त्या प्रश्नाचा अर्थ वाईट निघाला असता. एकदा परात्यांनीच विचारलं, सरळपणानं, जसे ते विचारतात.

ती म्हणाली, तिथे होते तेव्हा मला इथलं ऊन आठवायचं, आईच्या खोलीतल्या कूलरच्या पाण्याचा वास आठवायचा. इथे आले तर तिथलं खेळायचं जंगल आठवतं. उंच झाडं, खाली ओली पानं, आणि मधून चकती जायला एक बारीक वाट.

"मंग तुले बरं कुठं वाटते गा पोरी?" परात्यांनी विचारलं. पोरीला वं म्हणायचं सोडून घाईत पुरुषांसाठीचं गा म्हणून गेले, तरी कोणी हसलं नाही.

नंदिनीनं एक चकती उचलली, फेकली आणि ती खाली टेकेपर्यंत पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढा वेळ."

हिवाळ्यात तिची आई गेली. घर आवरून नंदिनीही गेली. चकत्यांची बॅग आमच्यासाठी ठेवून गेली.

* * *

ती गेल्यावर आमचे वाद वाढले. पाय आधी की कंबर आधी, चकतीचं नाक, म्हणजे पुढची कड, खाली हवं की सपाट, यावर पराते आणि सर अर्धा अर्धा तास भांडायचे. शेवटी आम्ही फेकींचे व्हिडिओ काढून नंदिनीला पाठवायला लागलो. उत्तर यायला वेळ लागायचा, आणि आलं की एकच शब्द असायचा. "हळू."

पराते वैतागले. आणखी हळू फेकली तर चकती हातातच राहील म्हणाले. पण खरी गोष्ट अशी की ते हळू झाले तसतशी त्यांची चकती लांब जायला लागली. ही गोष्ट आम्हाला आजही नीट उमगलेली नाही. जोर काढून घेतला की जोर येतो, असं काहीतरी आहे ते.

मग एकदा परात्यांची फेक अशी पडली की विचारू नका. पाय रोवला, कंबर उघडली, हात मागून आला, सगळं जागच्या जागी. मी व्हिडिओ काढला होता, तोही स्लो मोशनमध्ये. लगेच पाठवला. पराते फोनकडे पाहत बसले. ड्यूटीवर जायला उशीर झाला तरी बसले.

उत्तर आलं. "मागे तो पळस फुललाय का?"

पराते उठले. मग माझा फोन घेऊन मैदानाच्या त्या टोकाला चालत गेले आणि पळसाचा व्हिडिओ काढून आले. चांगला मोठा, खालून वरपर्यंत. त्या आठवड्यात आम्ही तिला फेकींचा एकही व्हिडिओ पाठवला नाही.

* * *

आणि ही उन्हाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. शिर्के सरांच्या पत्नीचं, मालतीताईंचं, हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. सरांचं मैदानावर येणं बंद होतं. आम्ही फोन करायचो, ते "ठीक आहे" म्हणून ठेवून द्यायचे.

रविवारी सकाळी माझं दार वाजलं. दारात सर. केस विस्कटलेले, पँटच्या पायांना माती, डोळे भरलेले. आत येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "गेली."

माझ्या हातातलं पातेलं सुटलं. मी समोर बसले. विचारलं, केव्हा.

"आत्ता. सकाळीच."

"जवळ कोण होतं?"

"कोणी नाही. मी एकटाच."

"फार त्रास झाला का हो?"

"छे. अगदी अलगद. मी काही केलंच नाही. आपोआप गेली."

मला रडू आवरेना. माझ्याकडे पाहून सरांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. मी आत जाऊन परात्यांना फोन केला. ते आले ते खांद्यावर दुपट्टा टाकून आणि हातात हार घेऊन. सरांना म्हटलं, चला, घरी जाऊ. तर सर म्हणाले, घरी कशाला, आधी मैदानावर चला. परात्यांनी माझ्याकडे पाहिलं. धक्क्यानं माणसाचं असं होतं, हे आम्ही दोघांनीही ऐकलेलं होतं. दोन्ही बाजूंनी त्यांचे हात धरले आणि त्यांना घरी नेलं.

दार मालतीताईंनी उघडलं.

"अरे वा, सगळे कसे काय आज?" त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर हाराकडे गेली. "आणि हा कोणाला?"

"तुमच्यासाठीच काकू," पराते म्हणाले. "ऑपरेशन चांगलं झालं ना." आणि तो हार त्यांनी खरंच मालतीताईंच्या हातात दिला.

तेव्हा कुठे सरांच्या लक्षात आलं, आणि मग आमच्या. ते खुलासा करत सुटले. मालतीताई पहाटे शांत झोपल्या होत्या, कितीतरी दिवसांनी. भाची उशाशी होती. म्हणून ते थोडा वेळ मैदानावर गेले. नुसते उभे राहायला गेले होते. पिशवीत एकच चकती होती. फेकायचं म्हणूनही फेकली नाही. आणि ती नाल्यापलीकडे गेली.

परात्यांनी विचारलं, कोणी पाहिलं का.

"एक कुत्रं होतं," सर म्हणाले.

मालतीताई हट्ट धरून बसल्या की मला पण यायचंय. ऑटो केला, त्यांना सावकाश मैदानावर नेलं, नाल्याच्या अलीकडे उभं केलं. पलीकडे, टोपलीच्याही पुढे, वाळलेल्या गवतात लाल चकती पडली होती. त्यांना आधी दिसेना. मी बोट दाखवलं. दिसली तशा त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"इथून तिथवर? तुम्ही?"

सरांनी मान हलवली.

"इतक्या वर्षांत मी तुम्हाला काही फेकताना पाहिलंच नाही," त्या म्हणाल्या.

परात्यांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि नाल्यात पाय घातला. "थांबा, मी आणतो ते. अजून एकडाव फेका सर, काकूले बी पाहू द्या."

सरांनी वाकून त्यांचा दंड धरला.

"नको आणू," ते म्हणाले. "आजच्या दिवस राहू दे तिथंच."