शिलाई मशीनखालचं झाकण

गल्लीत तिला सगळे काजवाली म्हणत. तिच्या हातचं काज कधी उसवलं नाही, अशी तिची ख्याती. घराच्या मागच्या अंगाला नवऱ्यानं तिच्यासाठी छोटी खोली काढून दिली होती. खिडकीशी शिलाई मशीन, शेजारी इस्त्रीचं टेबल. निम्मा दिवस तिचा तिथंच जायचा. नवरा बस चालवायचा. निवृत्त झाल्यापासून घरात काही ना काही ठोकत बसायचा. वरच्या मजल्यावर दीर आणि जाऊ.

त्या आठवड्यात पावसानं उसंत घेतली नव्हती. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर होतं, म्हणून कापलेले तुकडे मापाप्रमाणे लावून तिनं खोलीत जमिनीवरच चादरीवर मांडले होते. एका सकाळी ती खोलीला लागून असलेल्या न्हाणीघरात गेली, तर जाळीतून बुडबुड आवाज येत होता. कचरा अडकला असेल म्हणून तिनं बादलीभर पाणी जोरात ओतलं. ते खाली गेलंच नाही. जाळी उचलली गेली आणि काळं, दाट पाणी वर यायला लागलं.

तिनं पायपुसणं टाकलं, मग जुनी चादर टाकली. पाणी दोन्ही ओलांडून उंबऱ्याबाहेर आलं आणि थेट गणवेशांखाली शिरलं. वरून कपडे धुण्याच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. यंत्रानं पाणी सोडलं की खाली आणखी एक लोंढा येई. ते लक्षात आल्यावर ती तशीच भरल्या पायांनी जिना चढली.

"यंत्र बंद कर आधी."

"काय झालं ताई? पाय कशानं भरलेत?" जावेनं विचारलं.

"तुमचं सांडपाणी माझ्या घरात येतंय. नुसतं धुण्याचंच नाही."

जावेचा चेहरा उतरला. तिनं यंत्र बंद केलं, नळाची मुख्य चावी फिरवली आणि खराटा घेऊन खाली आली.

दिरानं फोन करून मैला उपसणारी गाडी बोलावली. दुपारी गाडीवाला आला आणि म्हणाला, "मैल्याच्या टाकीचं झाकण दाखवा."

काजवालीनं अंगणाकडे बोट केलं. "तिकडंच असेल कुठंतरी."

नवरा खाली मान घालून उभा होता. "अंगणात नाही," तो म्हणाला. "आत आहे."

तो तिच्या खोलीत गेला. मशीन बाजूला सरकवलं आणि एका फरशीवर टाच आपटली. "इथं. खोली बांधताना झाकण खाली गेलं."

ती फरशीकडे बघतच राहिली. त्याच जागी बसून ती दुपारचं जेवायची. तिथंच जरा आडवी व्हायची. लेक बाळंतपणाला आली तेव्हा नातीला याच जमिनीवर दुपट्यात निजवलं होतं.

"शेवटची कधी उपसली होती?" गाडीवाल्यानं विचारलं.

"उपसलीच नाही," नवरा म्हणाला.

पहारीनं फरशी फोडली, झाकण सरकलं. कुणी काही म्हणायच्या आत नवरा विजेरी घेऊन आत वाकला. दुसऱ्याच क्षणी विजेरी हातातून सुटली आणि त्याचे गुडघे वाकले. गाडीवाल्यानं कॉलर धरून त्याला मागं खेचलं, दिरानं पाय धरले. दोघांनी मिळून त्याला अंगणात आणून टाकलं. तोंड राखेसारखं पडलं होतं. काजवाली त्याच्या छातीवर हात ठेवून पावसात बसली. श्वास चालू होता. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले.

"आत वाकायचं नसतं काका," गाडीवाला म्हणाला. "आतला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही."

मग त्यानंच लांबून उजेड टाकला. टाकीत एका बाजूनं स्वच्छ पाण्याची धार पडत होती. ती गच्चीच्या पन्हाळीची निघाली. अंगणात चिखल होऊ नये म्हणून तो पाइपही नवऱ्यानंच टाकीला जोडला होता. भर पावसात सगळं छप्पर तिच्या खोलीखाली रिकामं होत होतं.

दिरानं तो पाइप तिथल्या तिथं कापून पाणी रस्त्याकडच्या गटाराकडे वळवलं. गाडीवाल्यानं टाकी थोडीच उपसली. जमीन पाण्यानं फुगलेली असताना सगळी रिकामी केली, तर खालचं पाणी टाकीच वर ढकलेल, असं त्याचं म्हणणं. पाऊस ओसरेपर्यंत घरात कुणी आंघोळ केली नाही. सगळे दिराच्या मित्राकडे जात. गणवेशाचं कापड फेकून द्यावं लागलं. शाळेत जाऊन तिनं स्वतः सांगितलं. सांगताना मान वर होईना.

त्या संध्याकाळी नवरा-बायको दोघंच असताना तिनं विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू तिथं बसली नसतीस."

"नसतेच बसले."

"तुला खोली हवी होती. दुसरी जागा नव्हती."

डॉक्टरांनी सांगितलेली गोळी तिनं त्याला दिली आणि भांड्यांशी गेली. भांडी घासायला पाणी नाही हे तिथं गेल्यावर आठवलं.

पाऊस उघडल्यावर टाकी पूर्ण उपसली. सांडपाणी परत उलटू नये म्हणून नळीत एकेरी झडप बसवली. खोली पाडायला नवरा तयार नव्हता, पण यावेळी त्याला कुणी विचारलं नाही. जावेनं वर आपल्या पुढच्या खोलीतलं कपाट हलवलं आणि मशीन तिथं नेलं. पहिले काही दिवस काजवाली शिवता शिवता मध्येच थांबायची आणि पायाखाली बघायची.

"ताई, इथं खाली तुमचंच स्वयंपाकघर आहे," जाऊ म्हणायची.

"माहीत आहे गं," ती म्हणायची, आणि तरी बघायची.