व्हॅक्सिनमधली गाय

भागरताबाई गुरुवारी आल्या नाहीत. शुक्रवारी ओपीडी संपत आली तरी पत्ता नाही.

देवरी तालुक्यातल्या एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मी डॉक्टर आहे. सोमवारी मोहफुलं वेचताना या साठीपुढच्या बाईंना कुत्रं चावलं. पोटरीला, चांगलं खोल. कुत्रं जंगलात पसार. जखम धुतली, सीरम दिलं आणि एआरव्हीचा पहिला डोस दिला. एआरव्ही म्हणजे रेबीजची लस. दुसरा डोस तीन दिवसांनी, असे एकूण पाच. कोर्स अर्धवट सुटला आणि रेबीजची लक्षणं दिसू लागली, की डॉक्टरच्या हातात काही उरत नाही.

सिस्टरने त्यांच्या मुलाला फोन लावला.

"माय येत नाही म्हणते. तुमी गाईचा पू टोचला म्हणते."

घोळ माझाच होता.

मला एक खोड आहे. सुई टोचताना पेशंटचं लक्ष वळवायला मी इंग्रजी शब्दांच्या कुळकथा सांगतो. मसल म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर. दंड वाकवला की कातडीखाली उंदीर हलल्यासारखं दिसतं, म्हणून. क्वारंटाइन म्हणजे चाळीस दिवस, साथीच्या काळात इटलीच्या बंदरात जहाजं तेवढे दिवस अडवून ठेवत. लोक हसतात, तोवर माझं काम होतं. भागरताबाईंना व्हॅक्सिनची सांगितली. व्हॅका म्हणजे गाय. गाईच्या आचळावरच्या फोडांची लागण झालेल्या गवळणींना देवीचा रोग होत नाही, हे इंग्लंडात लक्षात आलं. मग एका डॉक्टरने त्या फोडातला पू टोचला, त्यावरून हे नाव पडलं. एवढी लांबण लावली, आणि आजची लस कशी बनते ते सांगायचंच राहिलं.

तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांना फोन केला. घडलं ते सगळं सांगितलं.

"तुम्हाला मास्तर व्हायचं होतं का?"

"नाही सर."

"मग लस घ्या आणि आत्ताच्या आत्ता निघा."

लसीचा आइसबॉक्स घेऊन सिस्टर बाइकवर मागे बसली. इंटर्नशिपमध्ये मी रेबीजचा एक पेशंट पाहिला होता. पाण्याचा ग्लास समोर आला की त्याचा घसा आवळायचा. नऊ किलोमीटर तेच डोळ्यांसमोर.

बाई अंगणात मोह वाळत घालत होत्या.

"नोका सांगू, डॉक्टर. गाईच्या पाया पडनारं मानूस मी. तिचा पू अंगात कायले घेऊ?"

"मावशी, हिच्यात पू नाही. आता लस कारखान्यात बनते. नाव तेवढं जुनं राहिलं."

"त्या दिवशी एक, आज एक. कोनतं खरं मानू?"

तेवढ्यात त्यांच्या दंडावर दोन गोल वण दिसले.

"हे काय, मावशी?"

"ल्हानपनी देवी काढल्या त्या."

देवी काढणं म्हणजे देवीची लस टोचणं. आता काही लपवायचं नव्हतं. म्हटलं, "गाय असलीच तर या देवीच्या लसीत होती. ती लस वासरांच्या अंगावर वाढवत. आपली आजची लस तशी नाही."

सिस्टरने कपाळाला हात लावला. बाई वणांकडे बघत राहिल्या.

"म्हंजे साठ वर्सांपासून आहे माह्या अंगात?"

"हो."

"माह्या बहिनीनं नाही काढू देल्या. सुईवाला आला त कोठीमांगं लपली. पुढच्या उन्हाळ्यात देवीनं गेली." त्यांनी बाही वर सारली. "टोचा."

पुढचे डोस त्यांनी वेळेवर घेतले. आज ठणठणीत आहेत. मी एवढंच शिकलो, की गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगावी, आणि तेवढा वेळ नसेल तर पेशंटला पिकापाण्याचं विचारावं.