आज कुणीकडं?

फोन वहिनीचाच होता. "वन्सं, तुमचे दादा गेले..." एवढंच बोलली. मग मागून नुसता मेंढरांचा ओरडा ऐकू येत राहिला. नामदेवदादा माझा थोरला भाऊ. चौसाळ्याजवळच्या आमच्या वस्तीवर जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला. मी अंबाजोगाईत मास्तरीण झाले, पण आवाज चढवायला त्याच्याकडूनच शिकले.

त्याच्या मेंदूत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, तरी ती पुन्हा वाढणार हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. "डोक्याला ताण देऊ नका," असंही म्हणाले. झालं! घरच्यांनी दादाला काही विचारायचंच सोडून दिलं. मेंढरं कुठल्या रानात न्यायची, कोकरं कधी सोडायची, सगळं परस्पर. जो तो त्याच्याशी गोड बोलायचा. दादानं भिंतीकडं तोंड फिरवलं, जेवण टाकलं. आजारच तसा, असं सगळे म्हणायचे.

दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या एक ताई होत्या. मी त्याला तिकडं न्यायचं म्हटल्यावर वहिनी तणतणली, "माझा माणूस काय येडा हाय का?" तरी दोघांनाही नेलंच. "सगळ्यात जास्त काय टोचतं?" ताईंनी विचारलं. दादा अडखळत म्हणाला, "मी हाय की अजून... पर मला कुणी इचारीतच न्हाई." आणि माझा हा दांडगा भाऊ हमसून हमसून रडला. मलाही आवरेना. ताई वहिनीला म्हणाल्या, "रोज त्यांना काहीतरी विचारा. आणि सांगतील तसं करा."

दुसऱ्या सकाळी वहिनी बाजेपाशी उभी राहिली. "आवं, आज कुणीकडं?" दादा उठून बसला. काल कुठं चारली, पाणी कुठं पाजलं, सगळं खोदून विचारलं, वर वहिनीवर खेकसला. ती बाई किती दिवसांनी हसली! तो जेवू लागला, भांडू लागला. ताईंकडं जाणंही चालू राहिलं. मरणाची भीती तो तिथंच बोलला, आमच्यापाशी कधीच नाही. पुढं जीभ अडली तेव्हा हातानं दिशा दाखवायचा. शेवटच्या सकाळी, वहिनीनंच मला मागाहून सांगितलं, त्यानं खडकाळ माळाकडं हात केला. तिथं गवताची काडी नव्हती. वहिनी मुकाट्यानं घेऊन गेली, आणि परतल्यावर त्याला कळू न देता घरामागं मेंढरांना पाला टाकला.

तेराव्यानंतर मी वस्तीवरच राहिले होते. सकाळी वहिनी सवयीनं बाजेपाशी गेली. "आज कुणीकडं?" तोंडातून निघून गेलं... बाजेवर नुसती घडी घातलेली घोंगडी. मेंढरं खोळंबली होती. वहिनीनं पदरानं डोळे पुसले आणि कळप माळाकडं वळवला.

"वहिनी, तिकडं काही नाही," मी म्हणाले.

"ठावं हाय," ती म्हणाली. "पर त्येंनी तिकडंच सांगितलंय."